ड्रुइडचं रूपांतर: 2014चे नियम की 2024चे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं साकारत खेळायच्या खेळाचं नवं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी गोष्ट) सुरू करायचंय आणि टेबलवर एक ड्रुइड (प्राण्याचं रूप घेणारा जादूगार) आहे, तर नियमांचं कोणतं पुस्तक धरायचं, 2014चं की 2024चं, हे आधीच ठरवून घ्या. खेळ अर्ध्यावर आल्यावर वाइल्ड शेपचे, म्हणजे रूप घेण्याचे नियम बदलले, तर त्या पात्राची सगळी मांडणी विस्कटते. आमच्या लातूरच्या ग्रुपमध्ये मी दोन्ही पुस्तकांवर ड्रुइडच खेळलोय, म्हणून लिहितोय.

2014च्या नियमांची खरी ताकद म्हणजे अस्वल. सर्कल ऑफ द मून ही ड्रुइडची उपशाखा घेतली की दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल होता येतं. स्वतःचे एचपी (मार सोसायचे गुण) सतराच्या आसपास, त्यावर अस्वलाचे 34 वेगळे. ते संपले की उरलेला मार तेवढा अंगावर येतो आणि आपण मूळ रूपात उभे. हे दोनदा करता येतं आणि शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) झाली की पुन्हा दोनदा. खेळणाऱ्याला फार भारी वाटतं. पण शेजारच्या फायटरला (लढवय्या पात्राला) करायला काही उरत नाही आणि डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) भीती घालायला जागा राहत नाही.

2024मध्ये एचपी आपलेच राहतात, वर लेव्हलइतके तात्पुरते मिळतात. मून असेल तर तिप्पट. म्हणजे तिसऱ्या लेव्हलला नऊ. आकडा लहान दिसतो, पण मूनवाल्याचा एसी (वार लागायला जो आकडा गाठावा लागतो तो) 13 अधिक विजडम या गुणाचा मॉडिफायर (त्यातून मिळणारी भर) इतका होतो, त्यामुळे वार चुकतात. जुन्या अस्वलाचा एसी फक्त 11 होता. शिवाय आता कोणत्याही ड्रुइडला बोनस अॅक्शनमध्येच (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) रूप घेता येतं.

माझा निर्णय मात्र एचपीवरून झाला नाही, पानं उलटण्यावरून झाला. जुन्या नियमात रूपांची ठरावीक यादी नाही. 'आधी पाहिलेला' कोणताही प्राणी चालतो. म्हणजे ऐन लढाईत पाळी आली की 'मॉन्स्टर मॅन्युअल' हे प्राण्यांचं पुस्तक उघडायचं, सीआर (प्राणी किती भारी, तो आकडा) बघायचा, पोहता येतं का बघायचं, कारण चौथ्या लेव्हलपर्यंत पोहणारा प्राणी चालतच नाही. बाकीचे तोवर मोबाईल काढतात. "काय करूलालास रे, घे की लांडगा!" हे वाक्य आमच्या टेबलवर फार वेळा ऐकलंय. त्यात 'पाहिलेला' या शब्दावरून वाद. आमचं कॅम्पेन देवगिरीसारख्या किल्ल्याभोवती, कोरड्या पठारावर होतं. तिथल्या ड्रुइडनं मगर कुठं पाहिली असेल? एकेका खंदकापाशी यावर चर्चा रंगायची आणि लढाईतला जोर निघून जायचा.

नव्यात दुसऱ्या लेव्हलला चारच रूपं माहीत असतात; चौथ्याला सहा, आठव्याला आठ. लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) त्यातलं एक बदलता येतं. पोहण्याची अट गेली. उडायला मात्र दोन्हीकडे आठवी लेव्हलच लागते, तेव्हा किल्ल्याच्या अंधारीत (काळोख्या वाटेत) वटवाघूळ होण्याची घाई करू नका. मी चार प्राणी चार कार्डांवर लिहून ठेवतो: लांडगा, कोळी, घोडा आणि खंदकासाठी मोठा बेडूक. पाळी आली की कार्ड पुढं.

एक गोष्ट गेल्याची हळहळ आहे. पाहिलेल्या प्राण्याचीच अट असल्यामुळे जुना ड्रुइड नवा प्राणी दिसला की थांबायचा, त्याच्या मागं जायचा. ती ओढ नव्या पुस्तकात नाही.

तुमचा ग्रुप दोघातिघांचाच असेल आणि पुढं उभं राहून मार खाणारं कुणी नसेल, तर जुनं अस्वल कदाचित तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. चारपाच जण असतील तर मी 2024कडेच बोट दाखवेन. आम्ही तेच घेतलंय. फक्त लाँग रेस्टनंतर यादीत येणारं नवं रूप कॅम्पेनमध्ये पाहिलेल्या प्राण्याचंच असावं, एवढा घरचा नियम जोडलाय.