पॅरामॅटा लाइट रेल : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

सिडनीतील वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड ही लाइट रेल, म्हणजे आधुनिक ट्राम, २० डिसेंबर २०२४ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाली. उद्घाटनानंतरच्या आठवड्यांत ऐन सुट्ट्यांचा हंगाम असल्यामुळे गाडीत हौसेने बसणारे अधिक आणि कामासाठी बसणारे कमी होते. त्या काळात झालेले कौतुक आणि ‘ही फारच हळू जाते’ अशी टीका, या दोन्हींना म्हणूनच फारसा अर्थ नव्हता. शहरातील वाहतुकीची सोय कामाच्या दिवशी, पावसात, रुग्णालयाची वेळ गाठायची असताना आणि हातात सामान असताना कशी वागते, यावरूनच तिची पारख होते. वेस्टमीड परिसरात राहणारा आणि पॅरामॅटा, रायडलमियर व कार्लिंगफर्डकडे नियमित जावे लागणारा प्रवासी म्हणून हा अनुभव लिहीत आहे. सिडनीच्या पश्चिमेकडील या पट्ट्यात मराठी कुटुंबांची वस्ती मोठी असल्यामुळे तो अनेकांच्या थेट उपयोगाचा ठरावा.

आधी मार्गाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण या सेवेविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. एकूण लांबी १२ किलोमीटर आणि थांबे १६. हा मार्ग नकाशावर सरळ रेषेत जात नाही. वेस्टमीड स्थानकापासून तो आधी रुग्णालयांच्या बाजूने उत्तरेकडे जातो, नॉर्थ पॅरामॅटातून वळून चर्च स्ट्रीटने पॅरामॅटाच्या मध्यभागात उतरतो, मॅक्वारी स्ट्रीटने पूर्वेला निघतो आणि रोझहिलनंतर जुन्या कार्लिंगफर्ड रेल्वेच्या जागेवरून डंडास व टेलोपियामार्गे कार्लिंगफर्डला पोहोचतो. म्हणजे पूर्वेकडचा भाग जुन्या रेल्वेमार्गाची नवी आवृत्ती आहे, तर पश्चिमेकडचा भाग शहराच्या रस्त्यांतून वाट काढणारी ट्राम आहे. एकाच गाडीत बसून हे दोन्ही स्वभाव अनुभवायला मिळतात आणि त्यांना एकच माप लावले की निराशा होते.

जुनी कार्लिंगफर्ड रेल्वे ज्यांनी वापरली आहे, त्यांना नव्या सेवेचे मोल सांगावे लागत नाही. १८९६ पासून कार्लिंगफर्डपर्यंत धावणारी ती गाडी शेवटपर्यंत बव्हंशी एकेरी रुळावर होती. त्यामुळे दोन गाड्यांमधले अंतर कमी करणे जवळजवळ अशक्य होते आणि एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच काळ ताटकळावे लागे. ५ जानेवारी २०२० रोजी ती बंद झाली आणि त्यानंतर जवळपास पाच वर्षे तेथील रहिवाशांना बसवर अवलंबून राहावे लागले. नवी सेवा २०२३ मध्ये सुरू होणे अपेक्षित होते. ती आली पुढच्या वर्षाच्या अखेरीस. हा विलंब विसरण्यासारखा नाही, विशेषतः चर्च स्ट्रीटवरील ज्या व्यावसायिकांनी खोदकामाच्या काळात दुकाने तगवून धरली त्यांच्यासाठी.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे गाड्यांची वारंवारता, आणि वर्षभरानंतरही माझे हे मत बदललेले नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळेत साधारण साडेसात मिनिटांनी गाडी असते. याचा अर्थ वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेले, तरी सरासरी चार मिनिटांहून कमी थांबावे लागते. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे घरातून निघण्याची पद्धतच बदलते. अर्ध्या तासाने गाडी असेल तर सगळे वेळापत्रक गाडीभोवती आखावे लागते. साडेसात मिनिटांनी असेल तर काम संपले की निघता येते. रुग्णालयातील तपासणी किती वेळ चालेल किंवा विद्यापीठातील बैठक कधी उठेल, हे आधी ठाऊक नसते, आणि अशा प्रवासांसाठी ही खात्री वेगापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

वेगाविषयी मात्र स्पष्टच लिहायला हवे. वेस्टमीड स्थानकावरून पॅरामॅटा स्थानकाकडे जायचे असेल, तर लाइट रेलमध्ये बसू नये. ही दोन्ही रेल्वेची लगतची स्थानके आहेत आणि रेल्वे काही मिनिटांत पोहोचवते. लाइट रेल मात्र उत्तरेकडून मोठा वळसा घेऊन, मध्ये अनेक थांबे घेत येते. हा वळसा नियोजनातील चूक नसून तोच या मार्गाचा हेतू आहे, कारण रेल्वे जिथे पोहोचत नाही ती रुग्णालये आणि नॉर्थ पॅरामॅटाचा भाग त्याने जोडला आहे. दोन टोकांमधल्या वेळेवरून या सेवेला नावे ठेवणारे बहुधा हेच विसरतात. वेस्टमीडहून थेट कार्लिंगफर्डला जाणारे प्रवासी मला गाडीत कमीच दिसतात. बहुतेक जण चार-सहा थांब्यांचा प्रवास करतात.

चर्च स्ट्रीटवर गाडी खरोखर हळू जाते. उपाहारगृहांच्या रांगांमधून, पादचाऱ्यांच्या अगदी शेजारून रूळ गेले आहेत आणि ट्रामचा चालक रेल्वेप्रमाणे केवळ सिग्नलवर विसंबून नसतो. समोर जे दिसते त्यानुसार त्याला गाडी थांबवण्याच्या तयारीत राहावे लागते. पोलादी चाकांची रुळावरील पकड रबरी टायरच्या रस्त्यावरील पकडीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे बसइतक्या थोड्या अंतरात ट्राम थांबू शकत नाही आणि गर्दीच्या रस्त्यावर कमी वेग हाच एकमेव सुरक्षित उपाय उरतो. ट्रॅमवे ॲव्हेन्यू ओलांडल्यावर, आणि त्याहून अधिक रोझहिलनंतर, हीच गाडी ऐटीत वेग घेते. यल्लामंडी (रायडलमियरच्या विद्यापीठाचा थांबा) ते कार्लिंगफर्ड हा टप्पा स्वतंत्र मार्गावरून जात असल्यामुळे मोटारीला सहज टक्कर देतो, आणि संध्याकाळी जेम्स रूस ड्राइव्ह तुंबलेला असतो तेव्हा तर मागेही टाकतो.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो रुग्णालयांच्या थांब्यांचा. वेस्टमीड रुग्णालय आणि बाल रुग्णालय या दोन्हींसाठी स्वतंत्र थांबे आहेत. त्या परिसरात मोटार उभी करणे किती त्रासाचे आणि खर्चाचे असते, हे तिथे वारंवार जावे लागणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फलाट आणि गाडीचा तळ एकाच पातळीवर असल्यामुळे चाकांची खुर्ची, बाबागाडी किंवा वॉकर घेऊन कोणाचीही मदत न मागता आत जाता येते. बसमध्ये चढताना चालकाने रॅम्प काढेपर्यंत थांबणे आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर घेणे ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्यासाठी हा फरक केवळ सोयीचा नाही. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांना मी निःशंकपणे बसऐवजी लाइट रेलच सुचवतो.

गाड्या स्पेनच्या काफ या कंपनीच्या आहेत. प्रत्येक गाडी ४५ मीटर लांब असून सुमारे ४०० प्रवासी सामावून घेते. अशा १३ गाड्या आहेत. एवढ्या क्षमतेत उभे राहणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, हे मात्र लक्षात घ्यावे. शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत पॅरामॅटाच्या मध्यभागात बसायला जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. उभे राहिलात तर दांडा धरून राहा, कारण पादचारी आडवा आला की गाडी झटक्याने थांबते. शहराच्या मध्यभागात वर विजेच्या तारा नाहीत. तिथे गाडी स्वतःतील साठवलेल्या विजेवर चालते आणि पुढे तार आली की पुन्हा तिच्याशी जोडली जाते. प्रवाशाला हा बदल जवळजवळ जाणवत नाही, पण १८३९ मध्ये पूर्ण झालेल्या लेनॉक्स पुलाच्या दगडी कमानीवर खांब आणि तारांचे जाळे उभे राहिले नाही, हे नजरेला सुखावणारे आहे. आवाजही एकंदरीत बेताचा आहे. अपवाद फक्त तीव्र वळणांचा, जिथे चाके रुळावर घासून किरकिरतात.

तिकिटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत गोंधळ इथेच होतो. ओपल कार्ड (सिडनीच्या सार्वजनिक वाहतुकीचे भाडे-कार्ड) किंवा संपर्करहित बँक कार्ड टेकवण्याची यंत्रे गाडीत नसून थांब्यावर असतात. म्हणून चढण्यापूर्वी टॅप ऑन आणि उतरल्यावर टॅप ऑफ फलाटावरच करावे लागते. उतरताना टॅप करायचे राहिले तर प्रवासाचे जास्तीचे भाडे कापले जाते. आई-वडिलांना सोबत नेताना एकच बँक कार्ड तिघांसाठी चालत नाही, प्रत्येकाजवळ वेगळे कार्ड हवे. ज्येष्ठ नागरिकांसाठीचे सोनेरी ओपल केवळ भेटीसाठी आलेल्या पालकांना मिळत नाही, त्यामुळे त्यांनाही प्रौढांचेच भाडे पडते. पूर्ण शुल्क भरून शिकणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना सवलतीचे ओपल नाही, ही यल्लामंडीला उतरणाऱ्या आपल्या अनेक मुलांची जुनी खंत आहे आणि ती मला रास्त वाटते. दुसरीकडे, रेल्वेतून किंवा बसमधून तासाभरात लाइट रेलकडे वळल्यास प्रौढांना २ डॉलरची सवलत मिळते, शुक्रवार ते रविवार दिवसभर बिनगर्दीचा दर लागू असतो आणि आठवड्याचा खर्च ५० डॉलरच्या पुढे जात नाही. रोज प्रवास करणाऱ्याने ही मर्यादा लक्षात घेऊन मोटारीच्या खर्चाशी तुलना करावी.

हॅरिस पार्कला जाणाऱ्यांनी रॉबिन थॉमस थांब्यावर उतरून चालत जावे. विग्रॅम स्ट्रीटवर शनिवारी संध्याकाळी मोटारीला जागा शोधण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे. त्यापुढच्या ट्रॅमवे ॲव्हेन्यूच्या नावात जुना इतिहास आहे : १८८३ ते १९४३ या काळात पॅरामॅटाहून नदीवरील धक्क्यापर्यंत वाफेवरची ट्राम धावत असे. क्रिकेटप्रेमींना बेनॉ ओव्हल या थांब्याचे नाव ऐकून भारताविरुद्ध १९५९-६० मध्ये मालिका जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार आठवेल. रिची बेनॉ याच भागात वाढले. सायकल चालवणाऱ्यांसाठी एक सूचना : रुळांच्या खाचेत अरुंद चाक अडकू शकते, म्हणून रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत. कार्लिंगफर्डकडच्या बाजूला रुळांशेजारी चालण्यासाठी आणि सायकलसाठी वेगळा मार्ग बांधला आहे. हा मार्ग या प्रकल्पाचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला, पण अतिशय चांगला भाग आहे.

उणिवांमध्ये पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव कार्लिंगफर्डच्या टोकाची आहे. मार्ग तिथे संपतो, आणि एपिंगचे मोठे स्थानक, जिथे रेल्वे आणि मेट्रो दोन्ही मिळतात, ते अवघ्या काही किलोमीटरवर राहून जाते. एपिंगपर्यंतचा हा तुकडा जोडला असता, तर पॅरामॅटाहून मॅक्वारी पार्कच्या कार्यालयांकडे जाणाऱ्यांचा प्रश्न सुटला असता. पॅरामॅटा-एपिंग रेल्वेची कल्पना दोन दशकांहून अधिक काळ नुसती चर्चेत आहे. आज कार्लिंगफर्डला उतरून बस धरावी लागते, आणि साडेसात मिनिटांच्या खात्रीनंतर बसची अनिश्चितता अधिकच बोचते. दुसरी उणीव मध्यभागातील जोडणीची. पॅरामॅटा स्क्वेअर थांब्यापासून रेल्वे स्थानक चालत काही मिनिटांवर आहे; कोरड्या दिवशी ते अंतर जाणवत नाही, पण भर पावसात सामानासह जाणवते. तिसरी उणीव रुळांवरच्या कोणत्याही वाहनाच्या स्वभावातच आहे : पुढे एखादी मोटार बंद पडली, तर बस बाजूने निघून जाते, ट्राम मात्र थांबून राहते. अशा वेळी मागच्या गाड्याही एकामागोमाग अडकतात आणि मग मोकळ्या झाल्यावर दोन-दोन मिळून येतात. स्टेडियममध्ये सामना किंवा रोझहिलला घोड्यांची मोठी शर्यत असेल त्या दिवशी थोडा वेळ हाताशी ठेवूनच निघावे.

दुसऱ्या टप्प्यात सुमारे १० किलोमीटरचा आणि १४ थांब्यांचा मार्ग कॅमेलियापाशी या मार्गापासून फुटून रायडलमियर, मेलरोज पार्क आणि वेंटवर्थ पॉइंटमार्गे सिडनी ऑलिंपिक पार्ककडे जाणार आहे. मेट्रो वेस्ट ही सिडनीच्या मध्यभागाकडे जाणारी नवी मेट्रो २०३२ मध्ये सुरू होणे नियोजित आहे, आणि तिची स्थानके वेस्टमीड व पॅरामॅटा या दोन्ही ठिकाणी असल्यामुळे सिडनीच्या मध्यभागात जाणाऱ्यांचे गणित तेव्हा बदलेल. तोवर मात्र डंडास, टेलोपिया किंवा कार्लिंगफर्डला घर घेण्याचा विचार करणाऱ्यांनी नोकरी कुठे आहे ते आधी पाहावे. नोकरी पॅरामॅटा, वेस्टमीड किंवा विद्यापीठात असेल तर थांब्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावरचे घर मोटारीविना चालवता येते. नोकरी सिडनीच्या मध्यभागात किंवा मॅक्वारी पार्कमध्ये असेल, तर घर पाहायला रविवारी मोटारीने न जाता कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला बस, लाइट रेल आणि रेल्वे यांनी तो संपूर्ण प्रवास एकदा करून पाहावा, आणि परतीचा प्रवासही संध्याकाळी सातनंतर, गाड्या विरळ झाल्यावर करावा.