भाड्याच्या खोलीतली इंडक्शन शेगडी: हैदराबादेत बरेच महिने वापरल्यावर

प्रतिनियुक्तीवर वर्षभरासाठी हैदराबादला आले तेव्हा घर परभणीतच राहिलं. मुलगी नववीत, आत्याबाईंचं गुडघेदुखीचं औषधपाणी चालू, ह्यांची नोकरी तिथली. एवढ्याशा मुदतीसाठी सगळा संसार हलवण्यात अर्थ नव्हता. मी एकटीच एर्रागड्ड्याजवळ एका इमारतीच्या गच्चीवरची खोली घेतली. अशा खोलीला इकडे पेंटहाउस म्हणतात आणि ती खालच्या मजल्यांपेक्षा स्वस्तात मिळते. खोलीत ओटा होता, नळ होता, गॅस नव्हता. गच्चीवर सिलिंडर चढवायला घरमालकीणबाई तयार नव्हत्या. म्हणून इंडक्शन शेगडी घेतली आणि तेव्हापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्यावरच चालू आहे. नवीन शेगडीचे अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात, पण परगावी एकट्यानं राहताना ती महिनोन्‌महिने कशी पुरते हे मला कुठे सापडलं नाही. त्यामुळे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. वर्ष-दीड वर्षासाठी बाहेर राहणार असाल तर जरूर घ्या. मात्र भांडी आणि खोलीतला प्लग पॉइंट यांचा विचार शेगडीच्याही आधी करा. आणि जाळावर भाजायचे पदार्थ, म्हणजे भरताचं वांगं, पापड, विस्तवावर फुगणारा फुलका, हे सुट्टीत घरी गेल्यावरच खायचे असं ठरवून टाका.

हैदराबादेत एकट्या माणसाच्या जेवणाची सोय वाईट नाही. गल्लोगल्ली करी पॉइंट आहेत. तिथे पप्पू (म्हणजे डाळ), सांबार, वेपुडू (परतलेली भाजी) असं सगळं छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून मिळतं. लोक घरी फक्त भात लावतात आणि येताना दोन पिशव्या घेऊन येतात. सकाळी टिफिन सेंटरवर इडली, उपमा, पेसरट्टू म्हणजे मुगाचा डोसा मिळतो. पहिले काही आठवडे मीही असंच भागवलं. चव उत्तम असते, पण तिखट आणि तेल रोज सोसत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की संध्याकाळी खोलीवर येऊन पिशवी सोडली आणि जेवले, की पुढचे तीन तास मोकळे. त्या मोकळ्या तासांत घराची आठवण फार येते. हाताला स्वयंपाकाचं काम लागल्यापासून संध्याकाळ नीट जायला लागली, आणि या शेगडीची माझ्या लेखी खरी किंमत तीच आहे.

आता भांड्यांबद्दल. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं भांड्याचा बूडच तापतो. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. ॲल्युमिनियमची कढई, तांब्या-पितळेची पातेली इथे काही उपयोगाची नाहीत. ठेवली तर शेगडी नुसती टूंटूं करून बंद होते. स्टीलची सगळी भांडीही चालत नाहीत, म्हणून दुकानात जाताना फ्रिजवर लावायचं एखादं चुंबक पर्समध्ये टाकून न्यावं. मी एक दोन लिटरचा इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर, जाड बुडाची एक कढई आणि बिडाचा सपाट तवा एवढंच घेतलं. एका माणसाला यापेक्षा जास्त लागत नाही. भांडी घासायलाही आपणच असतो.

पातळ बुडाचं भांडं मात्र घेऊ नका. वेटोळं गोल असल्यामुळे उष्णता कड्यासारखी लागते आणि पातळ बुडाच्या पातेल्यात पिठलं केलं तर बरोबर गोल रिंगणात करपतं. जाड, दोन-तीन थरांच्या बुडात उष्णता पसरते.

प्लग पॉइंटचं फार गंभीरपणे घ्या. दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण ताकदीवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते. मोबाइल आणि टेबलफॅन लावतो तो छोटा पॉइंट सहा अँपिअरचा असतो. भाड्याच्या खोल्यांत ओट्याजवळ बहुतेक तोच असतो, आणि लोक एक्स्टेन्शन बोर्ड लावून मोकळे होतात. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावरच्या मुलांचा असा बोर्ड वितळला होता. मी घरमालकीणबाईंशी बोलून वायरमनकडून जाड तारेचा सोळा अँपिअरचा पॉइंट बसवून घेतला. खर्च मी केला आणि त्यांनी तो पुढच्या भाड्यात वळता केला. खोली बघायला जाल तेव्हा पाण्याची चौकशी करता तशी या पॉइंटचीही करा. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी या शेगडीजवळ काम करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हेही इथेच सांगून ठेवते.

वापरताना सगळ्यात जास्त सवय करावी लागली ती फोडणीची. गॅसवर आपण ज्योत बघून अंदाज घेतो. इथे डोळ्यांना काही दिसत नाही आणि तेल बघता बघता धुरावतं. माझ्या शेगडीवर कमी आच म्हणजे खरी मंद आच नव्हे. ती काही सेकंद जोरात तापते, मग थांबते, मग पुन्हा तापते. दूध तापवताना हे स्पष्ट दिसतं. उकळी उसळून वर येते, खाली बसते, पुन्हा उसळते. फोडणीला मी आठशे वॅटवर तेल तापवते, मोहरी तडतडायला लागली की शेगडी बंद करते आणि जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता बंद शेगडीवरच टाकते. बिडाच्या किंवा जाड स्टीलच्या भांड्यात तेवढी धग पुरते. चपाती, डोसा, करी, दूध अशी चित्रांची बटणं दिलेली असतात, ती मी वापरत नाही. ठरलेले वॅट आणि ठरलेला वेळ यापलीकडे त्यांत काही नाही. वॅट स्वतः लावले की काम चांगलं होतं.

कुकरमध्ये मात्र ही शेगडी गॅसपेक्षा सरस आहे. बाराशेवर पहिली शिट्टी पटकन होते, मग चारशे-पाचशेवर आणायची. टायमर लावून मी आंघोळीला जाते. हे गॅसच्या जिवावर मी कधीच केलं नसतं. इथल्या बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ शिजायला कुरकुर करते, त्यामुळे डाळ आधी भिजवून ठेवते आणि शक्यतो नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घालते.

मराठवाड्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न भाकरीचा असणार. होते. पण तवा योग्य लागतो. आपला घरचा खोलगट लोखंडी तवा मधल्या एका टिकलीपुरताच काचेला टेकतो, त्यामुळे कडा कच्च्या राहतात. बिडाचा सपाट तवा घ्या आणि तो थंड असताना एकदम पूर्ण ताकदीवर ठेवू नका, बीड तडकू शकतं. आधी सहाशेवर दोन-तीन मिनिटं, मग बाराशे. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगलं मळायचं, कारण इथे जाळाची मदत नसल्यामुळे भाकरी फुगवायचं सगळं काम पिठाच्या चिकटपणावर येतं. थापलेली भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची आणि ही दुसरी बाजू नेहमीपेक्षा जास्त वेळ, डाग पडेपर्यंत शेकायची. मग पुन्हा उलटून स्वच्छ फडक्याच्या बोळ्यानं कडेकडेनं दाबत जायचं. एका बाजूनं वाफ धरते आणि पापुद्रा सुटत सुटत भाकरीभर पसरतो. विस्तवाचा तो खरपूस वास येत नाही, हे खरं. पण पापुद्रा उचलून त्यात ठेचा भरता येतो, इतपत भाकरी जमते.

हे मला आत्याबाईंनी शिकवलं, तेही फोनवरून. ओट्यावर डब्याला टेकून फोन उभा करायचा आणि व्हिडिओ कॉलवर त्यांना तवा दाखवायचा. "अगं, घाई करू नको, पाणी पुरतं आटू दे," असं त्या तिकडून सांगायच्या. त्यांनी स्वतः इंडक्शन कधी पाहिलेली नाही, पण भाकरीचा रंग बघून उलटायची वेळ त्यांना अचूक कळते. तेव्हापासून आमचा रोजचा फोन भाकरीच्या वेळेलाच असतो. एरवी फोनवर "जेवलीस का, बरी आहेस का" याच्यापुढे बोलणं जात नाही. हात कामात असले की मुलगी शाळेतलं सांगते, ह्यांचं मधेच काही तरी येतं, आत्याबाई कुणाच्या लग्नाची बातमी देतात. आपल्या माणसांपासून लांब राहणाऱ्यांना मी हे मनापासून सुचवते: गप्पांसाठी वेगळी वेळ काढण्यापेक्षा स्वयंपाक करता करता बोला.

ज्या दिवशी दमून येते त्या दिवशी भाकरीचा घाट घालत नाही. इथे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बायका ज्वारीची रोटी भाजून विकायला बसतात, जोन्ना रोट्टे म्हणतात तिला. आपल्या भाकरीसारखीच, फक्त जरा पातळ. दोन रोट्या घ्यायच्या आणि घरी येऊन येसराची आमटी करायची. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं येसर मी परभणीहून आणलेलंच असतं. लसणाची फोडणी, पाणी, पाण्यात कालवलेलं येसर, एक सणसणीत उकळी. मेट्रोतून उतरून घरात पाऊल टाकल्यापासून अर्ध्या तासात ताट वाढून होतं. रविवारी एर्रागड्ड्याच्या रायतू बाजारातून भाजी आणते. शेतकऱ्यांनी थेट विकावं म्हणून १९९९ मध्ये सुरू झालेले हे बाजार आहेत आणि भाव फळ्यावर लिहिलेले असतात, त्यामुळे तेलुगू न येणाऱ्यालाही घासाघीस करावी लागत नाही. गोंगुरा म्हणून जुड्या मिळतात ती आपली अंबाडीच. कुकरमध्ये थोड्या तांदळाच्या कण्यांबरोबर शिजवून वर लसणाची फोडणी घातली की घरचीच भाजी होते.

विजेचा हिशेब असा. एकटीचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा मिळून दिवसाला साधारण एक युनिट जातं, म्हणजे महिन्याला तीसच्या आसपास. आमच्याकडे वेगळा सबमीटर आहे आणि घरमालक ठरलेल्या दरानं पैसे घेतात. खोली घेताना हा दर विचारून घ्या, काही ठिकाणी बराच जास्त लावतात. पाच किलोचा छोटा सिलिंडर हाही पर्याय आहे. तो ओळखपत्रावर मिळतो, स्थानिक पत्त्याचा पुरावा लागत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांना तो सोयीचा पडेल.

उन्हाळ्यात मला शेगडीचा फार मोठा आधार झाला. गच्चीवरच्या खोलीचा स्लॅब एप्रिल-मेमध्ये रात्री दहापर्यंत तापलेला असतो. त्यात गॅसची धग सोसणं अवघड होतं. इंडक्शनवर भांडं तापतं, भोवतीची हवा तेवढी तापत नाही, आणि पंखाही बंद करावा लागत नाही. फॅनच्या वाऱ्याखाली उभं राहून भाकरी करता येणं हे सुख मला परभणीतही मिळालेलं नाही. उलट वळवाचा पाऊस आला की वीज जाते आणि मग चहासुद्धा होत नाही. अशा दिवसांसाठी पोहे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेले चुरमुरे घरात असलेच पाहिजेत.

टिकाऊपणाबद्दल. काचेवर बारीक ओरखडे आले आहेत, ते बिडाचा तवा सरकवल्यानं येतात. तवा उचलूनच हलवावा. बटणांवरचा पातळ कागद एका कोपऱ्यात सुटला आहे, तिथे ओला हात लावत नाही. स्वयंपाक झाल्यावर आतला छोटा पंखा काही वेळ चालू राहतो, तो थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करायचं नाही. मधे या पंख्याचा घरघर आवाज यायला लागला, तेव्हा हैदराबादेतल्या कोठी भागातल्या बाजारात एका कारागिरानं खालचं झाकण उघडून पिठाची धूळ आणि केस काढून दिले. आवाज गेला. पीठ मळायची जागा शेगडीपासून लांब ठेवली तर हे लवकर होणार नाही. खालून झुरळंही आत शिरतात असं तोच कारागीर म्हणाला, म्हणून रात्री शेगडी पुसून उभी करून ठेवते.

विकत घेताना साधी बटणांची, चारशेपासून दोन हजारापर्यंत वॅट दाखवणारी, आणि कंपनीचं दुरुस्ती केंद्र तुम्ही राहता त्या शहरात असलेली बघा. गावाकडून घेऊन जाऊ नका, बिल तिथलंच असलेलं बरं. घरी कुटुंबासाठी मुख्य शेगडी म्हणून मी ही घेणार नाही. एकाच वेळी एकच भांडं चढतं आणि चौघांच्या भाकऱ्या करायच्या तर जाळच हवा. एकट्या राहणाऱ्या, रात्री आठ-साडेआठला घरी येणाऱ्या नोकरदार माणसानं मात्र खोलीची चावी हातात आली की पहिल्या आठवड्यातच शेगडी, दोन लिटरचा कुकर आणि बिडाचा तवा घ्यावा.