'बी थाउजंड', पण कॅसेटवर

गायडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकी रॉक बँडचा 'बी थाउजंड' हा अल्बम मोबाइलवर दोन मिनिटं ऐकून "काय भंगार रेकॉर्डिंग आहे" म्हणत ज्यांनी सोडून दिला, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. अल्बम १९९४चा, क्लीव्हलँडच्या स्कॅट रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने काढलेला. बँड त्याच ओहायो राज्यातल्या डेटनचा. गाणारा आणि बहुतेक गाणी लिहिणारा रॉबर्ट पोलार्ड तेव्हा डेटनमध्ये चौथीच्या पोरांना शिकवणारा मास्तर. अल्बम आला तेव्हा त्याचं वय ३६, म्हणजे रॉक स्टार व्हायची वेळ टळून गेलेली. शाळा सांभाळून दोस्तांबरोबर तळघरात, गॅरेजमध्ये चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या, रेकॉर्डरवर गाणी उरकायची, असा त्यांचा खाक्या.

हा रेकॉर्डर चालतो आपल्या साध्या कॅसेटवरच. कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक असतात, ते चारही हा एकाच दिशेने वापरतो. एकावर ड्रम, एकावर गिटार, एकावर गळा. थोडक्यात, ही गाणी जन्माला आली तीच कॅसेटवर. मग ती कॅसेटवर ऐकावीत असं मला वाटलं तर त्यात नवल काय? (घरात ते नवलच ठरलं. टपालखर्च कॅसेटच्या किमतीपेक्षा जास्त होता, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

जुनी कॅसेट मागवली. आली तेव्हा डबी ठीक, टेपही कुठे मुडपलेली नाही, पण प्रेशर पॅड गायब. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध धातूच्या बारीक पट्टीवर नमद्याचा एवढासा तुकडा चिकटवलेला असतो, तो हा पॅड. टेपला प्लेअरच्या हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणं हे त्याचं काम. तीसेक वर्षांत गोंद सुकतो आणि पॅड गळून पडतो. मग आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. सुदैवाने या कॅसेटला स्क्रू होते. चिकटवलेली असती तर उघडताना फुटली असती. आईच्या काकड आरतीच्या कॅसेटला हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून इंग्लिश स्पीकिंग कोर्सच्या कॅसेटमधली पट्टी काढून हिच्यात बसवली. पाच स्क्रू, एक चिमटा आणि श्वास रोखून धरायची तयारी, एवढंच लागतं. डेकचा, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचा, बेल्ट आधीच बदललेला होता, हेड स्पिरिटने पुसून घेतलं.

आता ऐकण्याबद्दल. हा अल्बम एका दमात रेकॉर्ड झालेला नाही. जुन्या टेपांमधून उकरलेली गाणी त्यात आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाची हिस, म्हणजे टेपची मागची सूं-सूं, वेगळी. मोबाइलवर हेडफोन लावून ऐकलं की गाणं सुरू होताना ती हिस भसकन येते, गाणं संपलं की तुटते, पुढच्या गाण्याबरोबर दुसरीच येते. २० गाणी ३६-३७ मिनिटांत, म्हणजे कान सारखा ठेचाळतो. कॅसेटला स्वतःची हिस असते आणि ती बाजू संपेपर्यंत थांबत नाही. तिच्याखाली हे सगळे सांधे झाकले जातात. मग खाली राहतात त्या चाली, आणि चाली अशा की बीटल्स आणि द हू हे ब्रिटिश बँड ऐकत वाढलेल्या माणसाने त्या बांधल्यात हे लगेच कळावं. 'इकोज मायरन' ऐकताना मी भांडी विसळत होतो. दुसऱ्यांदा ऐकताना मागचे सूर माझ्याच तोंडात होते. 'आय ॲम अ सायंटिस्ट'ची गिटार मोबाइलवर पत्र्यासारखी वाजते, इथे तिला जरा अंग आलंय.

पहिल्याच गाण्यात, 'हार्डकोर यूएफओज'मध्ये, गिटार मध्येच गुल होते. मुलगी आतून ओरडली, "बाबा, एक स्पीकर गेला वाटतं!" स्पीकर शाबूत होता. मूळ रेकॉर्डिंगमध्येच ती तशी जाते आणि यांनी ती तशीच छापली. असल्या माणसांवर माझा जीव जडतो.

तक्रारी आहेत. झांजांची धार कॅसेटवर आणखी बोथट होते. डेकवर हिस कमी करणारं डॉल्बीचं बटण असेल तर बंदच ठेवा, चालू केलं की उरलीसुरली चमकही जाते. आवडलेलं गाणं परत लावणं म्हणजे शिक्षा: मिनिट-दीड मिनिटाचं गाणं रिवाइंड करून गाठायला तेवढाच वेळ जातो. कव्हरवरचा मजकूर माझ्या वयाच्या माणसाने चष्म्याशिवाय वाचू नये. आणि काही गाणी खरोखरच अर्धवट आहेत, कॅसेटने ती पूर्ण होत नाहीत. भक्त लोक त्यालाही मौज म्हणतात, मी म्हणणार नाही.

घरात चालू डेक असेल तर जरूर घ्या. यासाठी नवीन स्वस्त प्लेअर मात्र आणू नका. त्यांचा स्पीड डुलतो, लांबवलेला सूर थरथरतो, आणि पोलार्डचा गळा आधीच डगमगत चालणारा. डेक नसेल तर व्हायनल रेकॉर्ड घ्या. जुनी कॅसेट मागवताना विकणाऱ्याकडून दोन फोटो आधी मागून घ्या: एक तोंडाकडचा, पॅड दिसेल असा, आणि एक स्क्रूंचा.