सिम्युलॅक्रम: टेबलवर आठ महिने चालवल्यानंतर

आमच्या कॅम्पेनमधली (सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीतली) विझर्ड, म्हणजे जादूगार, १३व्या लेव्हलला पोचली आणि तिने लगेच सिम्युलॅक्रम हा एखाद्याची हुबेहूब नक्कल बनवणारा स्पेल (मंत्र) घेतला, त्याला आता आठ महिने होत आले. मी डीएम आहे, म्हणजे गेम चालवणारी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) फिफ्थ एडिशनचे २०१४चे रूल्स वापरतो आम्ही. हा स्पेल बॅनच करावा असं मला आधी वाटत होतं, जो तो सांगायचा की गेमची वाट लागते. पण नाही केला बॅन, आणि बरंच झालं.

ज्यांनी वापरला नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगते. कास्ट करायला १२ तास लागतात, माणसाएवढा पुतळा होईल इतका बर्फ लागतो, ज्याची नक्कल करायची त्याचे केस किंवा नखं लागतात आणि १५०० गोल्डची माणकाची पूड लागते, ती त्यात संपून जाते. जे तयार होतं ते हुबेहूब मूळ माणसासारखं, फक्त एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार झेपेल तो आकडा) निम्मे आणि अंगावर सामान काही नाही. त्याची लेव्हल कधीच वाढत नाही आणि वापरलेला स्पेल स्लॉट (एक स्पेल टाकायची संधी) परत येत नाही. एचपी शून्य झाले की बर्फ होऊन जागच्या जागी वितळतं.

पहिली दोन सेशन्स खरंच वाईट गेली. एकाच प्लेयरकडे दोन विझर्ड, म्हणजे तिची टर्न संपता संपत नाही आणि बाकीचे चौघं फासे हातात घेऊन नुसते बसलेले. मग आम्ही एक बदल केला आणि माझ्या मते सगळा फरक त्यानेच पडला: नक्कलेची शीट (तिचे आकडे आणि स्पेल लिहिलेला कागद) दुसऱ्या प्लेयरकडे द्यायची. रूलप्रमाणे ती बनवणाऱ्याच्या तोंडी हुकमावर चालते आणि त्याच्याच टर्नला हलते, तेवढं तसंच ठेवलं, फक्त हुकूम एका वाक्यात मोठ्याने सांगायचा आणि तो कसा पाळायचा ते शीटवाला ठरवणार. एकदा विझर्ड म्हणाली “दार अडव”, तिच्या डोक्यात वेब, म्हणजे जाळं टाकणारा हलका स्पेल, होता, आणि फायटर खेळणाऱ्याने थेट पाचव्या लेव्हलचा स्लॉट काढून वॉल ऑफ फोर्स, म्हणजे अदृश्य भिंतीचा स्पेल, टाकला. दार अडलं, पण तो स्लॉट कायमचा गेला. त्या दिवसापासून ती हुकूम देताना विचार करून, नीट शब्द निवडून बोलते, आणि फायटरवाला जो आधी दुसऱ्यांच्या टर्नला फोन बघायचा तो आता पूर्ण वेळ गेममध्ये असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शीट पेनने लिहायची. १३व्या लेव्हलच्या विझर्डचे स्लॉट १७, त्यातला सातव्या लेव्हलचा एक हा स्पेल टाकण्यातच गेला असं आम्ही धरतो, म्हणून १६ चौकोन. प्रत्येक चौकोनावर पेनने फुली. खोडता येत नाही हे डोळ्यासमोर असलं की सगळे आपोआप जपून खेळतात, वेगळा नर्फ करून स्पेलची ताकद कमी करावी लागत नाही.

रिपेअरचं गणित मात्र आधी करून ठेवा. लॅबमध्ये एका एचपीला १०० गोल्ड, म्हणजे १५ एचपी भरले की नवीन माणकाएवढाच खर्च झाला, आणि नवीन केली तर स्लॉटही नवे कोरे मिळतात. हिशेबाने बघितलं तर जुनी टाकून नवी करणंच परवडतं, आणि परत कास्ट केलं की आधीची तशीही नष्ट होते. आमच्याकडे ४० पैकी १२ एचपी उरले होते, सगळ्यांनी माणिक घ्यायचं ठरवलं, आणि तेवढ्यात शीट धरून बसलेल्या फायटरवाल्याने नक्कल म्हणून विचारलं, “ते १२ तास मी कुठे उभी असते?” कोणीच काही बोललं नाही. मग विझर्डने रिपेअरच केलं, १० एचपीचे १००० गोल्ड देऊन. मला तो आख्ख्या कॅम्पेनमधला सगळ्यात आवडता क्षण वाटतो.

विशची साखळी, म्हणजे नक्कलेने विश (दुसऱ्या स्पेलचंही काम करू शकणारा, इच्छा पूर्ण करणारा स्पेल) वापरून पुढची नक्कल करायची, पहिल्याच दिवशी बंद करून टाका. २०२४च्या रूल्समध्ये नक्कलेला सिम्युलॅक्रम टाकताच येत नाही, आम्ही तेवढं तिथून घेतलंय. आणि शत्रूकडे डिस्पेल मॅजिक (जादू उतरवणारा स्पेल) असू द्या, तिसऱ्या लेव्हलने टाकला तर १७चा चेक लागतो (फासा आणि बोनस मिळून १७), म्हणजे धाक राहतो पण दरवेळी जमत नाही.

क्लोन या दुसऱ्या नक्कल बनवणाऱ्या स्पेलबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, तयार व्हायला १२० दिवस लागतात आणि मूळ माणूस मरेपर्यंत ते शरीर नुसतं पडून असतं, टेबलवर त्याचं ओझं काहीच नाही. मिरर इमेजला (स्वतःभोवती तीन आभासी नकला उभ्या करणारा स्पेल) मिनी, म्हणजे पात्राच्या छोट्या बाहुलीभोवती, तीन नाणी ठेवा आणि नक्कल फुटली की एक उचला, नाहीतर तो २० बाजूंचा फासा टाकायचा राहूनच जातो. वार नक्कलेवर जायला तीन असताना ६ किंवा जास्त, दोन असताना ८, एक असताना ११, एवढं डीएमच्या स्क्रीनवर चिकटवून ठेवलं की झालं.

सध्या आमच्या नक्कलेकडे १९ एचपी आणि तीनच चौकोन रिकामे आहेत, त्यातला एक काउंटरस्पेलसाठी (शत्रूचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) राखून ठेवायचा का यावर विझर्ड आणि फायटरवाला या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.