दम लागलेल्या बाबांसाठी एक इमर्जन्सी विभाग: सविस्तर अभिप्राय

इमर्जन्सी विभागाबद्दल लिहिताना लोक बहुधा 'स्टाफ चांगला, स्वच्छता उत्तम' एवढ्यावरच थांबतात. ज्याच्या घरात श्वासाचा किंवा हृदयाचा पेशंट आहे त्याला याचा काही उपयोग होत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं की दारातून आत नेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तिथे नेमकं काय होतं. म्हणून हे जरा लांबलचक लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही. तुम्ही कुठेही गेलात तरी काय पाहायचं, एवढं यातून कळलं तरी पुरे.

बाबांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा, फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, आणि पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेल्यामुळे हृदयाची ताकदही कमी झाली आहे. त्यामुळे दम लागला की दोष फुप्फुसांचा की हृदयाचा, हे घरच्यांना सांगता येत नाही. छातीत घरघर, पायांवर सूज, रात्री आडवं पडलं की जीव घाबरा होणं, यातलं बरंचसं दोन्ही आजारांत दिसतं. फुप्फुसांत पाणी साठलं तरी छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टर त्याला 'कार्डिअ‍ॅक अस्थमा' म्हणतात. नुसत्या आवाजावरून 'दमा वाढलाय' असं ठरवून वाफ देत बसणारे लोकही मी पाहिले आहेत.

आधी अँब्युलन्सबद्दल. गाडी दारात असली तरी आम्ही अँब्युलन्सच बोलावली आणि तेच योग्य होतं. त्यात ऑक्सिजन असतो, शॉक देण्याचं यंत्र असतं आणि वाटेतच ईसीजी निघतो. आलेल्या पॅरामेडिकने बाबांना आडवं केलं नाही. खुर्चीत बसवूनच खाली आणलं, स्ट्रेचरची पाठ पूर्ण उभी केली आणि निघायच्या आधी विभागाला फोन करून 'बसलेला, धाप लागलेला पेशंट येतोय' असं कळवलं. दम लागलेल्या माणसाला सपाट झोपवणं म्हणजे त्याचा त्रास वाढवणं. बसलं की पोटाचा दाब कमी होतो आणि फुप्फुसांना जागा मिळते. हृदयाचा त्रास असेल तर पाय खाली सोडल्याने हृदयाकडे परतणारं रक्तही थोडं कमी होतं.

आत गेल्यावर ट्रायाजच्या, म्हणजे कोणाला आधी पाहायचं ते ठरवणाऱ्या, सिस्टरने बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावली, पण ती यंत्राकडे बघत उभी राहिली नाही. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा," म्हणाली. बाबांना एका दमात दोनच शब्द बोलता येत होते. तेवढ्यावरून तिला जे कळायचं ते कळलं. मग घड्याळ समोर धरून तिने त्यांच्या छातीची हालचाल मोजली, पूर्ण एक मिनिट. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. बाबांचे ३४ भरले. श्वासाचा वेग मोजणं ही सर्वांत स्वस्त तपासणी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारीही. बऱ्याच ठिकाणी अंदाजाने १८ किंवा २० लिहून मोकळे होतात. इथे तो खरोखर मोजला गेला, आणि या विभागावर माझा विश्वास बसला तो त्या एका मिनिटात.

दहा मिनिटांच्या आत ईसीजी झाला होता. छातीत दुखत असेल किंवा अटॅकची शंका असेल तर दहा मिनिटांत ईसीजी काढून तो डॉक्टरांनी पाहायचा, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. बाबांच्या छातीत दुखत नव्हतं, तरीही काढला. वयस्कर माणसं, मधुमेही आणि बायका यांच्यात हार्ट अटॅक कधीकधी नुसत्या धापेच्या, मळमळीच्या किंवा जबड्याच्या दुखण्याच्या रूपात येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या खाटेवर त्याच वेळी आलेल्या एका बाईंचं असंच झालं. त्यांचा मुलगा काउंटरवर फॉर्म भरत होता, तोवर इकडे ईसीजीत हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद असल्याचं दिसलं आणि त्यांना कॅथ लॅबकडे (जिथे अँजिओप्लास्टी करून वाहिनी उघडतात) हलवलंही. दारात आल्यापासून वाहिनी उघडेपर्यंत ९० मिनिटांच्या आत काम व्हावं असं उद्दिष्ट असतं. आधी नोंदणी, मग तपासणी, असा क्रम असता तर त्यातली किती मिनिटं काउंटरवरच गेली असती!

बाबांच्या ड्युटी डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली: निदान ठरायची वाट पाहिली नाही, आणि घाईने निदान ठरवूनही टाकलं नाही. मला स्पष्ट सांगितलं, "फुप्फुसं की हृदय, हे अजून नक्की नाही. तोवर दोन्हीकडून सुरुवात करते." नेब्युलायझर लागला, स्टिरॉइडचं इंजेक्शन गेलं, आणि त्याच वेळी खाटेशेजारी सोनोग्राफीचं छोटं यंत्र आणून त्यांनी छाती पाहिली. फुप्फुसांत पाणी असेल तर पडद्यावर वरून खाली जाणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा दिसतात. मलाही दाखवल्या. त्या दिसल्यावर लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं. एक्स-रे नंतर झाला. म्हणजे उत्तर 'दोन्ही' असं निघालं.

मनगटातल्या धमनीतून रक्त काढतात, त्याला एबीजी म्हणतात. ते दुखतं, बाबा कळवळले. पण खरी गोष्ट त्या रक्तानेच सांगितली. पीएच (रक्त किती आम्ल झालंय ते सांगणारा आकडा; तो जितका खाली तितकं आम्ल जास्त) ७.२६, म्हणजे बराच खाली, आणि कार्बन डायऑक्साइड बराच वाढलेला. बोटाची क्लिप फक्त ऑक्सिजन सांगते. कार्बन डायऑक्साइड साठतोय का, हे तिला कळतच नाही.

हे मी इतकं ठासून लिहिते त्याला कारण आहे. यापूर्वी एकदा दुसऱ्या एका ठिकाणी बाबांना नेलं होतं. तिथे तोंडाला पिशवीचा मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला. पडद्यावर ९९ आकडा आला आणि सगळे निश्चिंत झाले. बाबा झोपाळले तर 'आराम पडला, झोप लागली' असं आम्हाला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात ते गुंगीत जात होते, हात पुढे धरला की पंजा फडफडत होता. सीओपीडीच्या काही पेशंटना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की फुप्फुसातला हवा आणि रक्त यांचा मेळ बिघडतो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि माणूस बेशुद्धीकडे सरकतो. अशा पेशंटसाठी ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं. इतर बहुतेकांसाठी ९४ ते ९८. तिथे ही गोष्ट कुणी विचारातच घेतली नाही. याचा अर्थ ऑक्सिजन द्यायला घाबरायचं असा मुळीच नाही. आकडा खरंच खाली असेल तर तो द्यावाच लागतो, फक्त मोजून.

या विभागात पहिल्यापासून ठरावीक टक्क्यांचा ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क होता. एबीजी आल्यावर बायपॅप लावायचं ठरलं. घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं हे यंत्र आहे: श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. त्यामुळे थकलेल्या स्नायूंना आधार मिळतो आणि साठलेला वायू बाहेर पडतो. बऱ्याच जणांची घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर जायची वेळ यामुळे टळते. पण आधीच गुदमरलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क आवळायचा म्हणजे तो घाबरणारच. अनेकजण तो ओढून काढतात आणि मग 'पेशंट सहकार्य करत नाही' अशी नोंद होते.

इथे एक वयाने मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी पट्टे बांधलेच नाहीत. बाबांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मास्क मी हातानेच धरते. नको वाटलं तर हात वर करा, लगेच काढते." पहिल्यांदा हात लगेच वर गेला. त्यांनी खरोखर मास्क काढला. पुन्हा टेकवला. "मशीन तुमच्याबरोबर श्वास घेईल. त्याच्याशी भांडू नका, ते ढकलेल तेव्हा ढकलू द्या." दाब अगदी कमी ठेवून सुरुवात केली होती. बाबांनी पुन्हा हात वर केला, पुन्हा मास्क निघाला. मग कधीतरी हात वर जायचा थांबला. त्यानंतर त्यांनी आधी खालचे, मग वरचे पट्टे लावले, दोन बोटं आत जातील इतके सैल. नाकाच्या हाडावर कातडी सोलवटू नये म्हणून मऊ पट्टी चिकटवली आणि मगच हळूहळू दाब वाढवला. या सगळ्यात किती वेळ गेला ते त्या बाईंनी एकदाही घड्याळात पाहिलं नाही. तासाभराने परत एबीजी केला तेव्हा पीएच ७.३१ वर आला होता आणि बाबा डोळ्यांनी 'पाणी' मागत होते. माझ्या मते या विभागाचे निम्मे गुण त्या सिस्टरचे आहेत.

ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणीही नीट समजावून सांगितली. पहिला रिपोर्ट थोडा जास्त आला आणि माझे पाय लटपटले. डॉक्टर म्हणाल्या, हृदयावर ताण आला तरी तो वाढतो. अटॅक आहे का हे ठरवायला काही तासांनी पुन्हा करून फरक पाहावा लागतो. उलट पहिला नॉर्मल आला म्हणून लगेच घरी पाठवणंही बरोबर नाही. दुसऱ्या रिपोर्टमध्ये विशेष फरक नव्हता.

आता तक्रारी. आयसीयूत खाट रिकामी नव्हती आणि आम्ही कित्येक तास इमर्जन्सीच्याच अरुंद ट्रॉलीवर होतो. मॉनिटरचा अलार्म सतत वाजत राहायचा, बहुतेक वेळा बोटाची क्लिप सरकल्यामुळे. तो इतका वाजायचा की हळूहळू कुणी लक्ष देईना, आणि हीच धोक्याची गोष्ट आहे. औषधांची तीच यादी येणारा प्रत्येक नवीन माणूस पुन्हा विचारायचा. मी घरून लिहून आणलेला कागद फाइलमध्ये लागला होता, पण फाइल कुणी उघडत नव्हतं.

सर्वांत मोठी तक्रार ड्युटी बदलतानाची. नवीन आलेल्या एका डॉक्टरांनी पडद्यावर ९० पाहिलं आणि ऑक्सिजन वाढवला. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. लाल आकडा दिसला की हात नॉबकडे जाणारच. मी लगेच सांगितलं, सिस्टरने फाइल पाहून पुन्हा कमी केला. त्यांनी माझं ऐकून घेतलं याचं कौतुक आहे. पण जवळ कुणी नातेवाईक नसलेल्या पेशंटचं काय? '८८ ते ९२' हे खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायला हवं होतं. मी म्हटल्यावर त्यांनी पाटीवर मार्करने लिहिलं.

घरी ऑक्सिमीटर असलेल्यांसाठी थोडं. हात गार असतील किंवा नखांना पॉलिश असेल तर आकडा चुकतो. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून यंत्रात ९४ दिसतंय आणि माणसाला वाक्य पूर्ण करता येत नाहीये, ओठ निळसर पडलेत किंवा तो गुंगीत बोलतोय, तर यंत्र बाजूला ठेवा आणि अँब्युलन्स बोलवा. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर अँब्युलन्स येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोरात दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल. अँब्युलन्सला लावलेला फोन स्पीकरवर ठेवलात तर अनेक ठिकाणी पलीकडचा माणूस काय करायचं ते सांगत राहतो.

सीओपीडी आणि हृदय दोन्हीचा पेशंट असेल तर या विभागात जा असं मी मोकळेपणाने सांगेन, आणि बाबांना पुन्हा गरज पडली तर तिथेच नेईन. मात्र तुमच्या जवळच्या रुग्णालयाची कॅथ लॅब रात्रीही चालू असते का आणि बायपॅप इमर्जन्सीतच मिळतो का, हे दोन प्रश्न आजच, धावपळ नसताना फोन करून विचारून ठेवा.

डिस्चार्जच्या वेळी बाबांना खिशात ठेवायचं एक कार्ड मिळालं. त्यावर त्यांचं ऑक्सिजनचं लक्ष्य आणि कोणता मास्क वापरायचा ते लिहिलं आहे. तक्रारपेटीत टाकलेल्या अर्जात मी दोन गोष्टी मागितल्या आहेत: अशा प्रत्येक पेशंटच्या खाटेशी लक्ष्य लिहिलेली पाटी, आणि नेब्युलायझरमधूनही जास्तीचा ऑक्सिजन जाऊ नये म्हणून तो ऑक्सिजनऐवजी साध्या हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवण्याची सोय प्रत्येक खाटेपाशी. सध्या तसे कॉम्प्रेसर संपूर्ण विभागात मोजकेच आहेत आणि बाबांच्या वेळी तो शोधून आणावा लागला होता.