मेंदूच्या व्यायामाचं ॲप: एका मुनिमाचा अभिप्राय

आधी चांगलं ते सांगतो. थेंबांचा खेळ झकास आहे. वरून थेंब पडतात, प्रत्येकावर एक गणित, खाली पोचायच्या आत उत्तर दाबायचं. लातूरच्या मार्केट यार्डात उभी हयात आडतीवर मुनीमकी केलेल्या माणसाला असली गणितं म्हणजे शेंगा फोडणं. तरी पहिल्या आठवड्यात मागं पडलो. उत्तर डोक्यात तयार, पण बोट त्या बारक्या आकड्यांवर भलतीकडंच पडायचं. बोट बसलं तसा स्कोअर चढला. ॲप म्हणालं, तुमच्या वयाच्या लोकांपेक्षा तुमचा मेंदू पुष्कळ तल्लख. बोट तल्लख झालं हो, मेंदू होता तिथंच आहे.

खरी परीक्षा पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशोबावर. सोयाबीन ७ क्विंटल ६० किलो, भाव ४,३७५. सातचे तीस हजार सहाशे पंचवीस, साठ किलोचे सव्वीसशे पंचवीस, झाले ३३,२५०. मग हमाली-तोलाई वजा. हे मला आधी जेवढ्या वेळात यायचं तेवढ्याच वेळात आताही येतं. अडचण नावांची आहे. समोरचा औश्याकडचा का रेणापूरचा ते आठवतं, बापाचं नावसुद्धा आठवतं, त्याचं स्वतःचं येत नाही. आता गंमत बघा, ॲपमध्ये गिऱ्हाइकांचे चेहरे आणि नावं लक्षात ठेवायचा खेळ आहे. तिथं मला पैकीच्या पैकी! आणि दुकानात "या पाव्हणं" म्हणून वेळ मारून न्यावी लागते.

ॲप भाच्यानं टाकून दिलं. तो फार्मसी कॉलेजात शिकवतो, म्हणून मी त्याच्याकडून वाचायलाही मागून घेतलं. २०१० साली इंग्लंडात बीबीसीच्या मदतीनं ११,४३० लोकांना सहा आठवडे असले खेळ खेळवले. जो खेळ खेळला त्यात माणसं सुधारली, बाकी अकलेत काही फरक पडला नाही. लुमॉसिटी हे या धंद्यातलं मोठं नाव. ते चालवणाऱ्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगानं जाहिरातींवरून धरलं. खेळानं शाळेत, कामात फायदा होतो, म्हातारपणचं विसरणं लांबतं, असं सांगत होते, आणि पुरावा पुरेसा नव्हता. २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं लिहायला पाहिजे. अमेरिकेतच पासष्टीपुढच्या २,८०० वर माणसांवर मोठी चाचणी झाली. स्मरणशक्तीचे, तर्काचे आणि नजरेच्या चपळाईचे असे वेगवेगळे वर्ग घेतले. दहा वर्षांनी बघितलं तर चपळाईवाल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी निघालं. बाकी दोन वर्गांत तसा ठाम फरक नाही. चपळाईच्या वर्गात पडद्यावर मधली वस्तू ओळखायची आणि त्याच क्षणी कडेला काय चमकलं तेही सांगायचं. पण ती एक चाचणी एका ठरावीक सरावाची. तिचा दाखला देऊन बाकीचे चाळीस खेळ विकायलेत, ते मला पटत नाही. आडतीत याला वरचा माल चांगला दाखवणं म्हणतात.

ट्यूशन एरियात पोरांच्या एकाग्रतेसाठी असलेच खेळ कॉम्प्युटरवर खेळवणारी एक जागा आहे. नातवासाठी चौकशीला गेलो. "यानं नीटचे मार्क वाढतील का?" विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "काका, आकलन वाढतं." किती वाढतं ते कशावर मोजता म्हटलं, तर त्याच खेळाचा स्कोअर दाखवला. फी ऐकून चहा न घेताच उठलो.

ॲपचे बारीकसारीक दोष: शब्दांचे सगळे खेळ इंग्रजी, म्हणजे माझ्यासारख्यासाठी तेवढे पैसे वायाच. पाऊणकी, औटकी (पाऊणचा आणि साडेतीनचा पाढा) विचारणारा खेळ कोणी काढला तर मी घेईन. आणि एक दिवस खंड पडला की रात्री साडेनऊला निरोप येतो, तुमची साखळी तुटेल म्हणून. बायको विचारते, "कोणाचा मेसेज हो?"

विरंगुळा म्हणून घ्यायचं तर फुकटचे खेळ पुरे आहेत, आणि त्यातला चपळाईचा तेवढा मी अजून खेळतो. पैसे भरलेच तर ऑटोपे आधी बंद करा; ते ॲपमध्ये सापडत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जावं लागतं.