बाहत्तर तासांचे तिकीट आणि स्टॉकहोमचा लहरी वसंत

२०२४ च्या एप्रिलच्या उत्तरार्धात आम्ही पतिपत्नी चार दिवसांसाठी स्टॉकहोमला गेलो होतो. या सहलीत आम्ही बऱ्याच गोष्टींवर पैसे खर्च केले, त्यांतल्या काहींचा पुढे पश्चात्तापही झाला. परंतु एका खरेदीबद्दल दोघांचे एकमत आहे आणि ती म्हणजे एसएलचे बाहत्तर तासांचे तिकीट. एसएल ही स्टॉकहोम आणि परिसरातील सार्वजनिक वाहतूक सांभाळणारी संस्था आहे. भुयारी रेल्वे, उपनगरी गाड्या, बस, ट्राम आणि शहरातल्या काही फेरीबोटी या सर्वांना हे एकच तिकीट चालते. त्या वेळी प्रौढांसाठी त्याची किंमत ३५० स्वीडिश क्रोना होती, तर पंचाहत्तर मिनिटांच्या एकेरी तिकिटाला ४२ क्रोना पडत होते. म्हणजे तीन दिवसांत नऊ एकेरी तिकिटे लागण्याइतका प्रवास होणार असेल, तर हे तिकीट फायद्याचे ठरते. आमची चढउतार त्याच्या दुपटीहून अधिक झाली. तरीही केवळ या बेरजेसाठी मी तिकिटाची शिफारस करणार नाही, कारण त्याची खरी किंमत तिथल्या हवेने ठरवली.

स्टॉकहोमचा एप्रिल म्हणजे दिवसा जेमतेम दहा अंश आणि रात्री गोठणबिंदूच्या आसपास. त्यातही ऊन, बोचरा वारा, गारा आणि पुन्हा ऊन असा खेळ एकाच सकाळी होऊ शकतो. अशा लहरी हवेसाठी स्वीडिश लोकांनी 'आप्रिलवेदर' असा शब्दच राखून ठेवला आहे. या गोष्टीचा विचार न करता आम्ही निघण्यापूर्वीच एका खासगी कंपनीच्या उघड्या छताच्या बोटीची सहल ठरवून ठेवली होती. ठरलेल्या वेळी बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. तारीख बदलून मिळाली नाही, पैसेही परत मिळाले नाहीत, आणि दीड तास आम्ही काचेआडच्या अरुंद बाकावर अंग चोरून बसलो. वसंतात या शहराला जाताना वेळापत्रक घट्ट बांधून नेऊ नये, हे तेव्हा ध्यानात आले. तिकिटाचे मोल त्यानंतर कळू लागले. खिशात ते असले की आकाश पाहून बेत बदलता येतो, आणि बदललेल्या बेताचे वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारा सुरू होताच आम्ही भुयारी रेल्वेत शिरलो आणि मुद्दामच दोन तास वर आलो नाही. या रेल्वेला तिथे 'टी-बाना' म्हणतात. तिचा पहिला मार्ग १९५० मध्ये सुरू झाला आणि आज तिची १०० स्थानके आहेत, त्यांपैकी नव्वदहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत. पर्यटनाच्या पुस्तिकांत याला कलादालन म्हणण्याची पद्धत आहे. मला ते वर्णन थोडे अपुरे वाटते, कारण दालनातली चित्रे भिंतीवर टांगलेली असतात, आणि इथे रेल्वेच्या 'निळा मार्ग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गावर भिंत म्हणजे सुरुंगाने फोडलेला खडकच आहे, त्याचे उंचवटे न लपवता त्यावर थेट रंग दिलेला आहे. टी-सेंत्रालेन स्थानकाच्या खालच्या फलाटावर पेर ओलोफ उल्तवेद्त यांनी १९७५ मध्ये पांढऱ्या छतावर प्रचंड निळ्या वेली चढवल्या. घाईत असलेल्या प्रवाशांच्या डोळ्यांना शांत वाटावे म्हणून त्यांनी निळा रंग निवडला, असे सांगतात. मात्र मला त्या वेलींपेक्षा एका कमानीवरच्या आकृत्यांनी अधिक वेळ थांबवले: स्थानक बांधणाऱ्या कामगारांच्या त्या निळ्या छायाकृती आहेत. ज्यांनी खडक फोडला त्यांनाच खडकावर जागा देणारी सार्वजनिक इमारत मी यापूर्वी पाहिलेली नाही.

तिथून अकरा क्रमांकाच्या गाडीने सोल्ना सेंत्रुमला जावे. तिथे छत आणि भिंती रक्तासारख्या लाल आहेत आणि खालच्या कडेने हिरव्या सूचिपर्णी जंगलाची सलग रांग धावते. पहिल्या दर्शनी तो केवळ सूर्यास्त वाटतो. जवळ गेल्यावर त्या जंगलात ओस पडणारी खेडी, तोडलेली झाडे आणि कारखान्यांचा धूर अशी सत्तरच्या दशकातली स्वीडनची दुखणी दिसू लागतात. हे पाहण्यासाठी फलाटावरून पुरते चालत जावे लागते, आणि तेवढ्यात दोन गाड्या सुटून जातात. इथेही तिकीट कामी येते. सुटलेल्या गाडीची हळहळ वाटत नाही, उतरल्यावर पुन्हा तिकीट काढावे लागत नाही.

परतताना त्याच गाडीने शेवटपर्यंत, म्हणजे कुंग्सत्रेडगोर्डेन स्थानकापर्यंत आलो. हे नाव उच्चारताना माझी जीभ चारही दिवस अडखळली. त्याचा अर्थ 'राजाची बाग' असा आहे. हे स्थानक १९७७ चे. १८२५ मध्ये जळालेल्या माकालोस राजवाड्याची आठवण जपणारी शिल्पे त्यात मांडली आहेत, आणि ओल्या खडकावरून पाणी झिरपत असते. लांब सरकत्या जिन्याने वर आलो तेव्हा गारा थांबल्या होत्या आणि समोर चेरीची ६३ झाडे बहरात उभी होती. १९९८ मध्ये लावलेली ही जपानी झाडे समांतर रांगांत आहेत, आणि एप्रिलच्या मध्यानंतरचे काही दिवसच ती अशी गुलाबी दिसतात. दर वर्षी बहराची तारीख पुढेमागे होते. गर्दी भरपूर होती, प्रत्येक झाडाखाली कोणीतरी कोणाचे तरी छायाचित्र घेत होते. ज्यांना निवांत पाहायचे असेल त्यांनी सकाळी लवकर यावे; एप्रिलच्या शेवटी तिथे पाचच्या सुमारास उजाडते, आणि तिकीट तर तेव्हाही चालूच असते.

तिकिटातला सर्वांत सुखाचा भाग फेरीबोटीचा आहे. ८२ क्रमांकाची बोट स्लुसेनहून यूरगोर्डेन बेटावर जाते. प्रवास दहा मिनिटांचाच, पण जुन्या गावाच्या पिवळ्या-तांबड्या इमारती मागे सरकत जातात आणि खाऱ्या वाऱ्याने कान बधिर होतात. ज्या सहलीच्या बोटीला आम्ही मोठी रक्कम मोजली होती, तिच्यातून यापेक्षा फार वेगळे काही दिसले नव्हते. स्लुसेनच्या परिसरात अनेक वर्षांपासून पुनर्बांधणी चालू असल्याने बोटीचा धक्का शोधताना दहापंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत. यूरगोर्डेनवर वासा संग्रहालय आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात बंदराबाहेर पडण्यापूर्वी बुडालेली आणि १९६१ मध्ये वर काढलेली ही युद्धनौका जवळपास संपूर्ण टिकली, कारण बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही. संग्रहालयाचे शुल्क वेगळे द्यावे लागते आणि ते देण्याजोगे आहे. मात्र ऊन असेल तर आधी बेटाच्या झाडीत जावे, जहाज कुठे पळून जात नाही. पाने फुटण्याआधीच्या उघड्या झाडांखाली 'वितसिप्पा' नावाच्या पांढऱ्या रानफुलांचे गालिचे पसरलेले असतात आणि झाडांना पालवी फुटून सावली दाट झाली की ते संपतात.

उन्हाविषयी तिथल्या लोकांची ओढ पाहण्यासाठी ह्योतोर्येत स्थानकावर उतरावे. चौकातल्या निळ्या कॉन्सर्ट हॉलच्या पायऱ्यांवर माणसे ओळीने बसून, डोळे मिटून, तोंडे सूर्याकडे करून असतात. शांततेचे वगळता नोबेल पारितोषिके याच इमारतीत दिली जातात, पण त्या दुपारी तिचा खरा उपयोग पायऱ्यांपुरता होता. आम्हीही वेलदोडा घातलेला गोल पाव आणि कॉफी घेऊन तिथे बसलो. कॉफीसह असे मधले खाणे आणि त्यासाठी काढलेली सवड यांना स्वीडिश लोक 'फीका' म्हणतात. मराठी माणसाने या नावावरून चवीचा अंदाज बांधू नये, कॉफी चांगलीच कडक असते.

आता तिकिटाच्या मर्यादा. आर्लांदा विमानतळावर जाणारी वेगवान गाडी यात येत नाही, आणि उपनगरी गाडीने विमानतळाच्या स्थानकावर उतरल्यास जास्तीचे शुल्क द्यावे लागते. ५८३ क्रमांकाच्या बसने मेर्श्ताला जाऊन तिथून उपनगरी गाडी धरली तर हे शुल्क वाचते. वेळ जास्त लागतो आणि सामान दोनदा उचलावे लागते. दूरच्या द्वीपसमूहात जाणाऱ्या बोटींचे तिकीट वेगळे काढावे लागते. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. वीस वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना सवलत आहे, ती पर्यटकांनाही मिळते. ३० एप्रिलला यूरगोर्डेनवरच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात वसंताच्या स्वागताची होळी पेटते. तोवर मुक्काम असणाऱ्यांनी १ मेच्या सुटीत पुष्कळ दुकाने बंद असतात हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मला विशेष आवडली. या तिकिटाचे दिवस नव्हे, तर तास मोजले जातात. आमचे तिकीट पहिल्या दिवशी दुपारी सुरू झाले होते, त्यामुळे चौथ्या दिवशी सामान हॉटेलच्या खोलीत बांधून ठेवल्यावरही त्यात पाऊण तास शिल्लक होता. आम्ही स्लुसेनच्या धक्क्यावर गेलो, बोटीने यूरगोर्डेनला पोहोचलो, खाली न उतरता त्याच बोटीने परत आलो. जाताना ऊन होते, येताना पाऊस.